रिकाम्या आसनाचा नंदादीप

एकदा एका जिल्ह्याच्या पोलिसांनी निसर्गावर दया करायचे ठरवले. वरून तसे आले होते. काम एका तरुण उपअधीक्षकाकडे सोपवण्यात आले. तो हुशार होता, प्रामाणिक होता, आणि नोकरीत नवीन असल्यामुळे दोन्ही गुण अजून शाबूत होते.

त्याने मनापासून काम केले. अरुंद गल्ल्यांतली गस्त सायकलवर आणली, ठाण्यांच्या छपरांवर सौर पॅनेल बसवले, बंदोबस्तावरच्या शिपायांना प्लॅस्टिकच्या बाटल्यांऐवजी माठातले पाणी दिले. शेवटी एक परिपत्रक काढले: उभ्या असलेल्या कोणत्याही शासकीय वाहनाचे इंजिन चालू ठेवू नये. अधीक्षकांनी त्यावर 'उत्तम' असा शेरा मारला.

ते परिपत्रक सर्वांनी वाचले. खरे मानले एकानेच.

तो एक म्हणजे अधीक्षकांच्या गाडीचे चालक, हवालदार खरमाटे. एका बैठकीच्या वेळी त्यांनी गाडी आवारात लावली, इंजिन बंद केले आणि लिंबाच्या सावलीत जाऊन उभे राहिले. अधीक्षक बाहेर आले, तापलेल्या गाडीत बसले आणि घाम पुसत घरी गेले. सायंकाळी त्यांनी उपअधीक्षकाला बोलावून घेतले.

"हा खरमाटे नको मला. हद्दीवरच्या चौकीत टाका त्याला."

"सर, पण त्याने परिपत्रकाप्रमाणेच..."

"परिपत्रक चांगलंच आहे हो. तुमचंच आहे. पण माणसाला काही समज असावी की नाही?"

बदलीचा आदेश तयार झाला. सही उपअधीक्षकाची व्हायची होती. दुसऱ्या दिवशी खरमाटे टोपी नीट करत त्याच्यापुढे उभे राहिले.

"साहेब, बदली झाली की वसाहतीतली खोली जाईल. वडील अर्धांगवायूने पडून आहेत, कूससुद्धा बदलता येत नाही त्यांना. चौकीवर पत्र्याची शेड आहे. तिथं कसं ठेवू त्यांना?"

"बघतो," उपअधीक्षक म्हणाला. कचेरीत या शब्दाचा अर्थ डोळे मिटणे असा होतो, हे खरमाट्यांना ठाऊक होते. त्यांनी सलाम केला आणि ते गेले.

त्याच आठवड्यात जिल्ह्याच्या पर्यावरणकार्याचा गौरवसमारंभ ठरला. उपअधीक्षकाने अध्यक्ष म्हणून आपल्या वृद्ध गुरूंना आग्रहाने आणले. याच गुरूंनी त्याला आपल्या दोन खोल्यांच्या घरात बसवून फुकट शिकवले होते. दारात पुष्पगुच्छाऐवजी त्यांच्या हाती तुळशीचे रोप देण्यात आले.

सभागृहाबाहेर अधीक्षकांची गाडी उभी होती. काचा बंद, इंजिन चालू. शेजारी भर उन्हात नवा चालक उभा. त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. गुरुजी थांबले.

"आत कोण बसलंय रे?"

"कोणी नाही बाबा."

"मग गाडी चालू का?"

"साहेब येतील ना. गाडी गार लागते त्यांना."

"केव्हा येतील?"

"भाषणं संपल्यावर."

"मग तोवर तू तरी बस आत."

चालक ओशाळला. "आम्ही बसलो की घामाचा वास राहतो म्हणतात."

गुरुजींनी तापलेल्या डांबरावर चपला काढल्या, गाडीचे मागचे दार उघडले, तुळशीचे रोप रिकाम्या आसनासमोर ठेवले आणि हात जोडले.

"बाबा, दार लावा हो! गारवा जातोय!" चालक कळवळून ओरडला.

गुरुजींनी दार अलगद लावले. गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, पुन्हा नमस्कार केला आणि ते सभागृहात गेले. मागे उभ्या असलेल्या उपअधीक्षकाने आजूबाजूला कोणी पाहिले का, हे आधी पाहिले. अध्यक्षीय भाषणाची वेळ आली तेव्हा गुरुजी उठले, "दर्शन झाले," एवढेच म्हणाले आणि खाली बसले. टाळ्या वाजल्या. सूत्रसंचालकाने त्यांच्या मितभाषी स्वभावाचे बराच वेळ कौतुक केले.

सायंकाळी गुरूंना घरी सोडल्यावर शिष्याला राहवले नाही.

"गुरुजी, तुम्ही माझी थट्टा केलीत."

"थट्टा कसली? देवळात गेलो की मी नमस्कार करतो." गुरुजी पंख्याने वारा घेत होते. "गाभाऱ्यात नंदादीप असतो. देव जागा आहे की नाही, हे कोणी तपासत नाही. तेल तेवढं संपू द्यायचं नसतं. तुमच्या त्या आसनापुढेही तोच दीप तेवत होता. गाडी चालवायला इतकं डिझेल लागत नाही रे. मान राखायला लागतं. तू डिझेल मोजलंस, मान मोजायचा राहिला. तुझ्या सायकलवर कोण बसतो? शिपाई. माठातलं पाणी कोण पितो? शिपाई. तुझं सगळं पर्यावरण तळमजल्यावर सुरू होतं आणि जिन्याच्या पहिल्या पायरीशी संपतं. तुझा शब्द खरा मानणारा एक माणूस निघाला साऱ्या जिल्ह्यात, आणि त्याला तू हद्दीवर धाडायला निघालास."

"मी सही केली नाही, तर दुसरा कोणी करेल. आणि माझीही बदली होईल."

"होईल ना. मी कुठे नाही म्हणतो?" गुरुजींनी पंखा थांबवला. "बाहेर काय घरघरतंय?"

शिष्याने कान दिला. ती त्याचीच गाडी होती. ते दोघे बोलत होते तितका वेळ ती दारात चालू होती. आवाज त्याला आता प्रथमच ऐकू आला.

तो बाहेर आला. चालकाने लगबगीने दार उघडले. आत बसल्यावर अंगाला बरे वाटले, आणि बरे वाटले याचेच त्याला वाईट वाटले. गाडी बंद ठेवत जा, असे सांगायला त्याने तोंड उघडले, पण चालकाच्या चेहऱ्यावरची भीती पाहून मिटले.

सही त्याने दुसऱ्या दिवशी केली.

पुढच्या आठवड्यात जिल्ह्याला मिळालेले पारितोषिक घ्यायला तो निघाला, तेव्हा रेल्वेचे फाटक लागले होते. पुढे सामानाने भरलेला एक टेम्पो उभा होता. हौद्यात भांडी, ट्रंक, आणि गाद्यांवर निजवलेला एक म्हातारा. उशाशी खरमाटे त्याच्या तोंडावर टॉवेलची सावली धरून बसले होते. त्यांनी वळून केबिनवर दोन थापा मारल्या. काय म्हणाले, ते बंद काचेतून ऐकू आले नाही. पण टेम्पोच्या सायलेन्सरमधून निघणारा धूर थांबला.

आगगाडी यायला अवकाश होता. गुरुजींचे म्हणणे शिष्याला आता पुरते समजले. त्याने काच खाली केली नाही. परिपत्रक पाळणारा पुढच्या वाहनात होता, काढणारा मागच्या, आणि मागचे इंजिन चालूच होते.