न उतरवलेली परात

ऐलवाडी आणि पैलवाडी अशी दोन गावं होती, आणि त्यांच्या मधोमध माणसाचा जीव घ्यायला पुरेल एवढी जागा होती. ऐलवाडी डोंगरात. पहाटे निघून चढण चढली की दुपारच्या आत खिंड लागायची. खिंडीपलीकडे उतार, आणि उतार संपला की वाळवंट. ते पार केलं की पैलवाडी. या वाटेवर मोटारीला बंदी होती. दोन्ही गावांनी आपापल्या टोकाला मोठमोठे धोंडे टाकून ठेवले होते. त्यांच्या फटीतून उंट जाई, माणूस जाई आणि सायकल जाई. म्हणून लांबलांबचे सायकलवाले तिथे येत. धूर नाही, भोंगा नाही, मागून कोणी अंगावर येईल ही धास्ती नाही. धास्ती होती ती फक्त पाण्याची.

वाळवंटाच्या मध्यावर, एका उंचवट्यावर चौथरा होता. चौथऱ्यावर एक रांजण, आणि शेजारी उंच काठीला टांगलेली पितळी परात. परात वाऱ्याने हले आणि उन्हात लखलखे. ती लखलख इकडे खिंडीतून दिसे, तिकडे पैलवाडीतूनही दिसे. परात वर असेल तर रांजणात पाणी आहे असं समजायचं. जो शेवटचं पाणी पिईल त्याने परात उतरवून चौथऱ्यावर पालथी घालायची. मग खिंडीत आलेला माणूस तिथूनच मागे फिरे, आणि पैलवाडीचा गोंदाजी उंटावर पाण्याच्या कातडी पखाली लादून निघे. नियम एवढाच होता. शेवटचं पाणी पिणं हा गुन्हा नव्हता. तहानलेल्याने प्यावं म्हणूनच ते तिथे ठेवलेलं असे.

या वाटेवरचा सगळ्यात नावाजलेला सायकलवाला म्हणजे सुभाना. लोक त्याला कोरडा सुभाना म्हणत. तो दोन बाटल्यांवर डोंगर आणि वाळवंट पार करतो, रांजणाला शिवतसुद्धा नाही, अशी त्याची ख्याती होती. पहिल्या वर्षी ते खरंही होतं. ते थंडीचे दिवस होते. पैलवाडीने त्याला खांद्यावर घेतलं, हार घातला, पोरीबाळी त्याची सायकल बघायला आल्या. दुसऱ्या वर्षी ऊन कडक होतं आणि त्याने रांजणातलं तांब्याभर पाणी गुपचूप पिऊन घेतलं. रांजण मोठा, तांब्याभर पाण्याचा पत्ता कोणाला लागणार? गावात मात्र त्याने जुनंच सांगितलं. पुढे दर वर्षी तो पाणी पीत गेला आणि दर वर्षी हार घालून घेत गेला. खोट्याची अशी सवय लागली की ते खोटं आहे हेही माणूस विसरतो. सुभाना जवळजवळ विसरलाच होता.

त्या वर्षी तो हौसाबरोबर निघाला होता. हौसा त्याच्याहून सात-आठ वर्षांनी मोठी. त्याला सायकल तिनेच शिकवलेली, पडल्यावर गुडघ्याला हळदही तिनेच लावलेली. पण ऐलवाडीत तिच्या मागच्या चाकाचे तीन स्पोक तुटले.

"तू हो फुडं, सुभाना," ती म्हणाली. "म्या स्पोक बसवून घेते आन् उद्या निघते."

"पाणी जास्त घे, ताई. औंदा ऊन लई हाय."

"चढाला वजन कोण वढणार? खिंडीत बघीन. परात चमकली तर उतरीन, न्हाईतर माघारी." मग ती हसली. "आन् फुडं तूच असणार. तू काय रांजणाला हात लावणार न्हाईस!"

सुभानाही हसला आणि निघाला.

खिंडीत पोचेपर्यंत त्याची एक बाटली संपली. उतारावर दुसरी संपली. वाळवंटात शिरला तेव्हा वारा भट्टीतून आल्यासारखा लागत होता. तोंडात थुंकी उरली नव्हती. चौथरा दिसला तेव्हा त्याने सायकल अक्षरशः टाकून दिली आणि रांजणात तांब्या घातला. तांब्या तळाला खणकन वाजला. ऊन आणि वारा मिळून रांजण पिऊन गेले होते. खाली कसंबसं दोन तांबे पाणी होतं.

सुभाना ते दोन्ही तांबे प्याला. त्यात त्याने काहीच चुकीचं केलं नाही. त्याच्या जागी तुम्ही-आम्हीही तेच केलं असतं.

मग तो काठीजवळ गेला. परातीची दोरी त्याने हातात घेतली, गाठही थोडी सैल केली. आणि तिथेच त्याचा हात थबकला. परात उतरली की पैलवाडीला दिसणार. आज आपण येणार हे तर साऱ्या गावाला माहीत, आणि आज वेशीत शिरणारे आपण एकटेच. म्हणजे पाणी कोण प्यालं हे शेंबड्या पोरालाही कळणार. आपण गावात पोचायच्या आधी आपली अब्रू वेशीवर टांगली जाणार.

त्याला हौसाची आठवण झाली नाही असं नाही. झाली. पण त्याने मनाची समजूत घातली. ती उद्या दुपारी येईल. आपण आज संध्याकाळी पैलवाडीत असू. गोंदाजीला बाजूला घेऊन सांगू की रांजण भरून टाक. उंट पहाटे निघाला तर ती यायच्या आत पाणी पोचेल. कोणाचं काही बिघडणार नाही. त्याने गाठ पुन्हा घट्ट केली. परात लखलखत राहिली.

संध्याकाळी पैलवाडीत ढोल वाजत होते. गोंदाजी स्वतः हार घेऊन वेशीवर उभा होता. त्याने सुभानाला कवेत घेतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "काय रं, औंदाबी शिवला न्हाईस ना रांजणाला?"

सगळं गाव कान देऊन उभं राहिलं. उत्तर त्यांना ठाऊक होतं, फक्त ते त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

"न्हाई," सुभाना म्हणाला.

लोकांनी एकच गलका केला. आता रांजण रिकामा आहे हे सांगायचं तरी कसं? शिवलाच नाहीस तर तुला कळलं कसं, असं कोणीही विचारलं असतं. जेवणाच्या पंगतीत गोंदाजी त्याच्या शेजारीच बसला होता. दोनदा सुभानाने तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा घास घातला. उद्या सकाळी सांगू, असं त्याने ठरवलं. भित्र्या माणसाला उद्याचा मोठा आधार असतो.

सकाळी शाळेतल्या पोरांपुढे त्याला उभं केलं. तहानेवर ताबा कसा मिळवावा यावर चार शब्द सांगा, असा गुरुजींचा आग्रह. तो बोलला. काय बोलला ते त्याचं त्यालाच कळलं नाही, कारण त्याचा जीव सूर्याकडे लागला होता. सूर्य वर चढत होता. हौसा आता चढणीवर असेल. आता खिंडीत असेल. आता खिंडीतून परात बघत असेल. टाळ्या संपायच्या आत तो उठला, घडीभर हिंडून येतो म्हणाला, चार बाटल्या भरल्या आणि सायकल काढली. कोणी हसून म्हणालं, "कोरड्याला आज येवडं पाणी कशापायी?" त्याने मागे वळून पाहिलं नाही.

वारा समोरून होता. वाळू डोळ्यांत जात होती, चाकं रुतत होती. निम्मा वेळ तो सायकल ढकलतच चालला. दूर परात चमकत होती आणि तो तिच्याकडे बघत पाय मारत होता. परात चमकतेय तोवर हौसा पोचलेली नाही, असं तो स्वतःला सांगत राहिला.

मग चमक थांबली.

त्याने डोळे चोळले. पुन्हा पाहिलं. काठी नुसती उभी होती. हौसा पोचली होती. तिने रांजणात तांब्या घातला होता, आणि तो वाजलेला तिने ऐकला होता. मग नियमाप्रमाणे तिने परात उतरवली होती.

"ताई, आलो!" तो ओरडला. वारा समोरून पैलवाडीकडे वाहत होता. हाक पुढे जाण्याऐवजी मागेच गेली.

तो चौथऱ्याशी पोचला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. हौसा रांजणाला पाठ टेकून सावलीत बसली होती. त्याने तिच्या तोंडाला बाटली लावली. पाणी ओठांवरून हनुवटीवर आलं आणि गळ्यावरून खाली ओघळलं. त्याने दुसरी बाटली लावली. मग तिसरी. मग त्याने बाटली बाजूला ठेवली आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन तो रडला. तो रडला ते खरं होतं, पण त्याचा आता हौसाला काही उपयोग नव्हता.

परात उतरलेली पाहून गोंदाजी पैलवाडीहून निघाला होता, तोही आला. त्याने उंट बसवला, हौसाकडे पाहिलं आणि टोपी काढली. मग रांजणात डोकावला.

"आसं कसं झालं?" तो म्हणाला. "आज रांजणाशी आली ती हीच. पाणी पिऊनबी मेली म्हनायची! का समदं सांडून बसली बाई? अशा उन्हात येवडं धसाफसा पिऊ ने मान्सानं."

सुभानाने ऐकलं. गोंदाजी गावात हेच सांगणार होता. गावही तेच धरून बसणार होतं. पुढे सायकलवाल्यांना शिकवताना हौसाचंच उदाहरण देणार होते. सुभानाने फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसायला तो कालपासून चांगला शिकला होता.

पण तिचं डोकं अजून त्याच्या मांडीवर होतं.

"तिला थेंब मिळाला न्हाई, काका," तो म्हणाला. "पाणी काल म्या प्यालो. परात उतरवली न्हाई."

गोंदाजीने उंटाकडे पाहिलं. त्याने टोपी झटकली, पुन्हा डोक्यावर घातली.

"काल सांजच्याला म्या तुझ्या हाराची फुलं आनाया गेलतो," तो म्हणाला. "उंट दारात मोकळाच हुता."

मग दोघांनी हौसाला उंटावर चढवलं. गोंदाजीने पखाली रांजणात रिकाम्या केल्या. परात पुन्हा काठीला चढवताना त्याने सुभानाला दोरीला हात लावू दिला नाही. पैलवाडीत त्याला कोणी मारलं नाही, कोणी शिव्या दिल्या नाहीत. फक्त पुढे तो कधी त्या वाटेने आला आणि रांजणात पाणी आहे म्हणाला, तर त्याच्या शब्दावर कोणी घोटभरही भरवसा ठेवला नाही. प्रत्येक जण आपला आपण जाऊन तांब्या घालून बघे.

तात्पर्य: तहान लागण्यात कसलाच कमीपणा नाही, पण आपलं नाव राखायला जो मागच्यांपासून धोका लपवतो, त्याच्या नावाची किंमत मागून येणारा जिवाने देतो, आणि उशिरा सांगितलेलं खरं त्याला परत आणत नाही.