दांडा बारीक करून आण

"आट्यापाशीच कसा तुटला, उस्ताद? माझ्या हातचा बोल्ट!"

जोतिरामनं बोल्टाचे दोन तुकडे उस्तादांच्या वर्कशॉपातल्या टेबलावर आपटले. जत्रेतला मोठा पाळणा त्याच्या मेव्हण्याचा. वाळूची पोती भरून फिरवून बघताना बोल्ट तुटला. नशीब, पोतीच होती. जत्रा परवावर आलेली, आणि त्या पाळण्यात सगळ्यात आधी बसणार होत्या जोतिरामच्या दोन भाच्या.

लेथवर आटे पाडावेत ते जोतिरामनंच, असं कागलात लोक म्हणत. त्याहून जास्त वेळा तो स्वतः म्हणे.

दस्तगीर उस्तादांनी बोल्टाच्या तुटलेल्या तोंडावरून बोट फिरवलं.

"तू आटं कापतोस. कापलं की लोखंडाचं रेषं तुटत्यात. मी दाबून काढतो."

"मग मलाबी दाखवा."

उस्तादांनी कोपऱ्यातल्या मशीनकडं हात केला. आटे कोरलेले दोन पोलादी रोलर, त्यांच्यामध्ये दांडा दाबून फिरवायचा. जोतिरामनं लेथवरच्या सवयीनं वीस मिलिमीटरच्या बोल्टाला पुरता वीसचाच दांडा लावला.

मशीन कण्हलं, धडधडलं आणि बंद पडलं.

"दांडा बारीक करून आण. पावणेदोन मिलिमीटर उतरव."

"बारीक? मग वीसचा बोल्ट हुणार कसा?"

उस्तादांनी दांडा मशीनमधून काढून त्याच्या हातात दिला.

जोतिराम धुसफुसत गेला, दांडा लेथवर उतरवून आला. या खेपेला रोलर सहज फिरले. आटे दांड्याच्या अंगातून वर उठून आले होते. त्यानं माप लावलं. वीस. पुसून पुन्हा लावलं. वीसच.

कीस झाडायला त्यानं ब्रश उचलला. खालचा ट्रे कोरडा होता.

"काहीच पडलं न्हाई?"

"पाडायचं कशाला?"

जोतिरामनं तो बोल्ट व्हाइसमध्ये आवळला आणि घण घेतला. आपला बोल्ट तुटल्याचा सगळा राग त्या घावांत होता. पाचव्या घावाला बोल्ट वाकला. तुटला मात्र नाही.

त्याचे डोळे भरून आले. मग त्यानं बाह्या वर सारल्या.

"अठ्ठेचाळीस बोल्ट लागत्यात. आज करूनच उठणार. आन् उस्ताद... मला शिष्य करून घ्या."

उस्तादांनी मोकळा ट्रे पुन्हा मशीनखाली सरकवला.

"आधी अठ्ठेचाळीस दांडं बारीक कर. मग तुझ्याकडं बघू."