करड्या पाहुणीचा पायगुण

पूर्वी हिमालयाच्या पायथ्याशी उत्तरपूर नगरात सुकेतू नावाचा राजा राज्य करीत होता. राजा चांगला होता, पण त्याच्याशी आपल्याला काही कर्तव्य नाही. आपल्याला डोंगर चढून वर जायचे आहे. देवदार जिथे संपतात आणि गुडघाभर उंचीची काटेरी झुडपे सुरू होतात, तिथे बोधिसत्त्व एका मूठभर, मातकट पाखराच्या जन्माला आला होता.

हे पाखरू भारी लाजरे. गाणे ऐकू येते, गाणारा काही दिसत नाही. गवताचे घरटे, त्यावर गवताचेच छप्पर, आणि घरी जाताना थेट उडत जायचे नाही. लांब उतरायचे आणि झुडपांखालून चालत जायचे. घरट्याचा पत्ता शेजाऱ्यालाही कळता कामा नये, अशी त्यांची जुनी रीत.

पण शेजारणीला पत्ता लागलाच. वल्लिका तिचे नाव. बोधिसत्त्व चोचीत अळ्या धरून दिवसातून शंभरदा एकाच झुडपाखाली शिरतो, हे तिने पाहिले, मागोमाग गेली आणि फटीतून डोकावली. आत एकच पिल्लू होते, पण केवढे! बापाच्या तिप्पट. घरट्यात मावत नव्हते आणि लालभडक तोंड उघडून सारखे खायला मागत होते.

वल्लिका तडक माघारी फिरली. घरी येऊन तिने आपली अंडी पाहिली. तीन, तांबूस, बोराएवढी.

"यातून काय निघणार? माश्या?" ती नवऱ्याला म्हणाली.

नवरा झुडपात लपून गाण्यात दंग होता. त्याला ऐकू आले नाही, किंवा आले तरी त्याने तसे दाखवले नाही.

त्या दिवसापासून तिला चैन पडेना. अंडी उबवायला बसली तरी कान शेजारी. तिकडे ते पिल्लू ओरडले की इकडे हिचा जळफळाट. पाखराचे काळीज ते केवढे, पण मत्सराला तेवढी जागाही पुरते, बरे का! काय करू नि काय नको असे झालेले असताना तिला एकदम आठवले. महिनाभरापूर्वी बोधिसत्त्वाच्या त्याच झुडपाखालून एक करडी पाहुणी बाहेर पडताना तिने पाहिली होती. लांब शेपटी, पोटावर पट्टे, दरीपलीकडची कोकिळा. 'तरीच! हा सगळा तिचा पायगुण. ती येऊन गेली आणि याच्या घरी पैलवान जन्मला. आणि मेल्याने कुणाला सांगितलेसुद्धा नाही!'

मग तिने जे केले, ते त्यांच्या जातीत आजवर कुणी केले नव्हते. स्वतःच्या घरट्याचे छप्पर चोचीने उपटून टाकले. अंडी उघडी ठेवली, समोरच्या झुडपाच्या शेंड्यावर सगळ्यांना दिसेल अशी जाऊन बसली, आणि पलीकडच्या कड्यावर बसलेल्या कोकिळेला हाका मारू लागली.

बोधिसत्त्वाने हाका ऐकल्या, उघडी अंडी पाहिली आणि सारे ओळखले. चोचीतली अळी टाकून तो धावत आला.

"वहिनी, आधी छप्पर घाला. ती इकडेच बघतेय."

"बघू दे की. मीच बोलावतेय तिला."

"तिला घरात घेऊ नका, वहिनी."

"का हो, भावोजी? तुमच्याकडे आलेली चालते, आणि आमच्याकडे येते म्हटले की बघवत नाही होय?"

बोधिसत्त्व पेचात पडला. खरे सांगावे, तर ही गावभर करील आणि सारी पाखरे जमून त्याच्या घरातल्या पिल्लाला टोचून मारतील. न सांगावे, तर हिची तीन जातील. तेवढ्यात कड्यावरची कोकिळा उठली.

"चला माझ्याबरोबर," तो म्हणाला.

त्याच्या घरट्याच्या बरोबर खाली, पाचोळ्यात, तीन इवलीशी पिल्ले वाळून पडली होती. त्यांचे डोळेही उघडले नव्हते.

"ही माझी," बोधिसत्त्व म्हणाला. "पाहुणीने आमच्या अंड्यांत आपले अंडे घातले. वरचे पिल्लू तिचे आहे. आंधळेच होते, तरी पाठीने रेटून त्याने एकेकाला बाहेर ढकलले. मी घास घेऊन आलो तेव्हा शेवटचे पडत होते. माझी जोडीदारीण ते पाहून घर सोडून गेली."

वर ते पिल्लू ओरडतच होते.

"आणि तुम्ही याला भरवता?"

"भूक लागते त्याला. आईने टाकलेले पोर आहे. तोंड उघडले की मला नाही म्हणवत नाही. फक्त कुणाला सांगू नका, वहिनी. मारून टाकतील त्याला."

वल्लिका जी सुटली, ती थेट अंड्यांवर येऊन पडली. कोकिळा घरट्याच्या काठावर बसलेलीच होती. वल्लिकेने पंख पसरून अंडी झाकली आणि चोच उगारली. नवऱ्याने गाणे टाकून आरडाओरडा केला. जन्मात पहिल्यांदा कामाला आला. कोकिळा थोडा वेळ थांबली आणि निघून गेली.

तीन अंड्यांतून तीन पिल्ले निघाली. बोधिसत्त्वाची गोष्ट वल्लिकेने कुणाला सांगितली नाही.

पुढे एके सकाळी ते थोराड पिल्लू उडाले. मागे वळूनसुद्धा पाहिले नाही. बोधिसत्त्व रिकाम्या घरट्यापाशी बसला होता, तिथे वल्लिका मान खाली घालून आली.

"भावोजी, कुठल्या तोंडाने सांगू? तिघांना माझा घास पुरत नाही. ह्यांचे तर तुम्हाला ठाऊकच आहे. पण तुमची तीन गेली, आणि माझी तीन भरवायला तुम्हाला बोलवायचे... तुमच्या जागी मी असते तर जळून खाक झाले असते."

"तिघेही नीट खातात ना?" बोधिसत्त्वाने विचारले.

"धाकटे मागे पडते."

"मग आधी त्याला," असे म्हणून तो अळ्या शोधायला निघाला.

आपल्या भिक्षु-भिक्षुणींना ही कथा सांगून त्यांचे गुरू, शास्ते, म्हणाले, "शेजारणीच्या भिक्षापात्रात काय पडले हे पाहण्याच्या नादात स्वतःचे पात्र भरायला विसरणारी ही भद्रिका भिक्षुणी, तीच त्या वेळी वल्लिका होती. तिचा गाणारा नवरा म्हणजे भिक्षू वारुण. ते पिल्लू म्हणजे निरोप न घेता संघ सोडून गेलेला धनिल. त्याच्यावर कुणी रागावू नका. आणि ते मातकट पाखरू मीच होतो. स्वतःचे घरटे रिकामे असताना दुसऱ्याचे भरलेले पाहून मन आनंदते, त्या गुणाला मुदिता म्हणतात."