अडलं तिथं तेल

एका गावात एक भोळा जावई होता, असं त्याच्या सासरचे सांगायचे. सासरच्यांना तसं सांगावंच लागतं. मी त्या घरातला नाही, म्हणून सरळ सांगतो. तो मूर्ख होता.

गावाचं नाव कासवाडी, जावयाचं नाव यमाजी. यमाजी घरजावई होता. सासरे तातोबा यांना दोन मुली. थोरली सारजा यमाजीला दिलेली, धाकटी हौसा लग्नाची. सारजासाठी जावई शोधताना तातोबांनी त्याचे खांदे पाहिले, दात पाहिले, एक पोतं उचलून दाखवायला लावलं. त्याच्याशी चार वाक्यं बोलायचं तेवढं राहून गेलं.

यमाजी आळशी नव्हता. आळशी असता तर बरं झालं असतं. सांगितलेलं काम तो लगेच करायचा, आणि सांगितलं असेल अगदी तेच करायचा. ‘जरा थांबा’ म्हटलं की थांबायचा. ‘आता चला’ म्हणायला कुणी विसरलं, तर संध्याकाळी त्याला शोधून आणावं लागायचं. तातोबांची तऱ्हा निराळी. ते अर्धंच बोलायचे. उरलेलं अर्धं समोरच्यानं समजून घ्यायचं, आणि नाही समजला तर मूर्ख समोरचा. अशी दोन माणसं देवानं एका घरात आणून ठेवली होती.

त्या साली हौसाचं ठरत आलं होतं. याआधी दोन स्थळं आली आणि गेली. हे तिसरं, पल्याडच्या गावच्या दाजीरावांच्या केरबाचं. हौसानं केरबाला बाजारात पाहिलं होतं. तो कोथिंबिरीच्या जुडीचा वास घेऊन मग ती पिशवीत टाकत होता, एवढंच तिनं पाहिलं, आणि तेवढ्यावर तिचं मन बसलं. ती कुणाला बोलली नाही. पण तिसरंही स्थळ हातचं गेलं तर आपण पुन्हा कुणापुढे पोहे घेऊन जाणार नाही, असं तिनं सारजाला सांगून टाकलं होतं. शुक्रवारी दाजीराव शेवटच्या बोलणीला यायचे होते.

मंगळवारी तातोबांनी बैलगाडी बाहेर काढली. पाव्हण्यांना नदीपासून गाडीतून आणायचं होतं. गाडी कुरकुरत होती.

“जावईबापू,” तातोबा म्हणाले, “चाकाला वंगण घाला.”

तातोबा राग आला तरी जावईबापूच म्हणायचे. रीत होती तशी.

यमाजीनं चाक पाहिलं. गोल होतं. कुठं घालायचं ते मामांनी सांगितलं नव्हतं, म्हणजे सगळीकडे घालायचं असणार. त्यानं चाकावरच्या लोखंडी धावेला चांगलं बोटभर वंगण थापलं. दोन्ही चाकांना थापलं. कुठं कोरडं राहिलं नाही ना, हे हात फिरवून पाहिलं. आतला आस, ज्याच्यासाठी सगळा खटाटोप, तो कोरडाच राहिला.

तातोबा गाडी चालवून बघायला निघाले. सपाटीला काही कळलं नाही. खडकाच्या उतारावर वळण आलं, बैल वळले. गाडी वळली नाही. ती सरळ निघाली होती ती सरळच गेली, आणि जाताना बैलांना व तातोबांना बरोबर घेऊन निवडुंगात गेली. कुरकुरत गेली.

तातोबांच्या पाठीतले काटे सासूबाई दुपारपर्यंत काढत होत्या.

“जावईबापू,” तातोबा पालथे पडल्या पडल्या म्हणाले, “धाव भुईला धरून चालती म्हून गाडी वळती. तिला कुनी तेल लावतं? घसरतं तितं राख टाकायची असती, राख.”

“घसरतं तिथं राख,” यमाजी म्हणाला.

“व्हय.”

यमाजीला धडा मिळाला की तो विसरू नये म्हणून घोकत फिरायचा. घसरतं तिथं राख, घसरतं तिथं राख, असं तो गोठ्यात म्हणाला, ओढ्यावर म्हणाला, झोपेत म्हणाला. सारजानं कानावर गोधडी ओढून घेतली.

बुधवारी सासूबाई शेवया करायला बसल्या. पाव्हण्यांना खीर द्यायची होती. शेवयांच्या पाटाचं एक टोक डब्यावर उंच टेकवलेलं, दुसरं खाली परातीत. वरच्या टोकाला बसून त्या तेलाच्या हातानं पिठाचा उंडा वळत होत्या आणि बारीक शेवई पाटावरून सुळसुळत परातीत उतरत होती. सगळ्या पंचक्रोशीत असा हात कुणाचा नव्हता.

यमाजी दारात उभा राहून बघत राहिला.

“मामी, घसरतंय.”

“घसरतंय की,” सासूबाई कौतुकानं म्हणाल्या. जावयानं आपल्या कामाकडे पाहिलं, याचाच त्यांना आनंद झाला होता. “सकाळधरनं कसं सुरेख घसरतंय बगा.”

सकाळपासून घसरतंय आणि घरात कुणी काही करत नाही, हे यमाजीला पाहवेना. तो चुलीपाशी गेला. सूपभर राख घेऊन आला. वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत त्यानं पाट नीट झाकून टाकला. शेवई जागच्या जागी थांबली. परातीतल्या झाल्या होत्या त्याही राखेनं माखल्या.

“थांबली,” तो म्हणाला.

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. जावयाला बोलायची सोय नाही, म्हणून त्या पिठाच्या उंड्याशी बोलल्या. “घसरायचं त्येला घसरू द्यावं गं बाई. जितं अडतं तितं तेल, एवढं तर घरातल्या मांजरालाबी कळतं.”

उंड्याला काय कळलं कोण जाणे. यमाजीला कळलं. राखेचा धडा जुना झाला, आता नवा आला. अडलं तिथं तेल, अडलं तिथं तेल.

गुरुवारी सारजा विहिरीवर पाणी ओढत होती. पाव्हण्यांसाठी तांब्याची मोठी घागर काढली होती. रहाट जुना, फिरता फिरता मध्येच थबकायचा.

“काय गं?” यमाजीनं विचारलं.

“दोर अडतोय मगाधरनं.”

बायकोला त्रास झालेला त्याला बघवायचा नाही, हे मात्र मी कबूल करतो. तो धावत घरी गेला आणि करंज तेलाचा डबा घेऊन आला. रहाटाच्या कण्याला दोन थेंब पुरले असते. पण सारजा कणा म्हणाली नव्हती, दोर म्हणाली होती. त्यानं पंचवीस हात दोर या टोकापासून त्या टोकापर्यंत मुठीतून ओढून तेलानं भिजवला. मग म्हणाला, “आता ओढ.”

सारजानं घागर सोडली, भरली, ओढली. घागर निम्म्यावर आली आणि दोर तिच्या मुठीतून निसटायला लागला. ती घट्ट धरू लागली तसा तो जास्तच निसटू लागला. रहाट मात्र गरगर फिरला, पहिल्यांदाच न अडता. घागर गेली, दोर गेला, आणि दोराचं शेवटचं टोक सारजाच्या तोंडावर तेलाचा फटकारा मारून गेलं.

सारजा विहिरीच्या काठावर बसली आणि मोठमोठ्यानं रडली. घागरीसाठी नाही रडली.

“उद्या माज्या भनीचं ठरायचं हाय,” ती म्हणाली. “तुमाला हात जोडते. माज्या आबास्नी इचारल्याबिगर कशाला बोट लावू नगा. आदी इचारायचं. त्ये व्हय म्हनलं तरच करायचं.”

“विचारून करायचं,” यमाजी म्हणाला. पहिल्या दोन धड्यांपेक्षा हा त्याला सोपा वाटला.

आता कासवाडीची एक रीत सांगतो. गावाबाहेर एक काळा खडक आहे. अर्धा कापून उपडा घातलेल्या भोपळ्यासारखा, दोन पुरुष उंच. त्याला कासव म्हणतात. मागच्या अंगानं पायऱ्या खोदल्यात, पुढच्या अंगाला गुरांचं तळं. सोयरिकीची शेवटची बोलणी या खडकावरच व्हायची. मुलाच्या बापाला अगदी माथ्यावर, घोंगडी टाकून बसवायचं. शेकडो व्याही तिथं बसून गेले, त्यांनी बसून बसून माथा आरशासारखा केलेला. आणि कासवावर बसून दिलेला शब्द फिरवायचा नाही. खाली उतरल्यावर माणूस काहीही बोलो, ते धरायचं नाही. एवढी गुळगुळीत जागा शब्द पक्का करायला निवडणारं हे गाव यमाजीला हसायचं. आता कुणी कुणाला हसावं?

शुक्रवारी दाजीराव आले. देह भारदस्त, मिशा त्याहून. माथ्यावर घोंगडीवर, तळ्याकडे तोंड करून, मांडी ठोकून बसले. त्यांच्या एका अंगाला तातोबा आणि चार जाणते. हौसा ताटात सुपारी घेऊन सगळ्यात वरच्या पायरीवर उभी. सगळं जुळलं, फक्त एक राहिलं. दाजीराव म्हणाले लग्न आमच्या दारात. तातोबा म्हणाले आमच्या दारात. तास गेला. ऊन वर आलं. दाजीराव मिशीवर हात फिरवत तेच म्हणत राहिले.

तातोबा घाम पुसायला पायऱ्यांवर आले. यमाजी तिथंच होता.

“मामा, काय झालं?”

“काय हुतंय? अडलं.”

यमाजीनं कान टवकारले. “काय अडलं?”

“पाव्हनं. अडून बसल्यात, दिसत न्हाई व्हय? जागचं हलाय तयार न्हाईत.”

कुणीही शहाणा इथं काय ते समजला असता. यमाजीनं मान वर करून पाहिलं. पाव्हणे खरंच बसलेले होते. खरंच हलत नव्हते. पण सारजाचं सांगणं तो विसरला नाही.

“मामा, तेल लावू का?”

तातोबांना वाटलं, जावई पहिल्यांदाच शहाण्यासारखं बोलला. मोठ्या माणसाला चार गोड शब्दांत घोळवायचं म्हणत असणार. लोणी म्हणायचं ते तेल म्हणाला, चालायचंच.

“लावा की,” ते म्हणाले. “भरपूर लावा. फकस्त त्येंना कळू देऊ नगा.”

“आणि हलले म्हणजे?”

“हाललं म्हंजी उपकार व्हतील, जावईबापू.”

असं हे झालं. पुढे गावानं सगळा दोष यमाजीवर घातला. मी म्हणतो, निम्मा त्याचा.

यमाजीनं धावत घरून डबा आणला आणि जाणते पाव्हण्यांच्या मिशांकडे बघत असताना तो पाव्हण्यांच्या मागून रांगत गेला. घोंगडीची कड बोटभर उचलली आणि धार धरली. करंज तेल सावकाश पसरत घोंगडीखालून पुढं गेलं, माथा ओलांडून पुढच्या अंगानं उतरू लागलं. पाव्हण्यांना काही कळलं नाही. अगदी माथ्यावर उतार नसतो. तिथं तेलावर बसलेला माणूसही बसून राहतो, जोवर तो पुढं किंवा मागं होत नाही तोवर.

त्याच वेळी दाजीरावांनी मान वळवली आणि त्यांची नजर हौसावर गेली. पोरगी तासभर उन्हात ताट धरून उभी होती. हात भरून आले होते पण सुपारी हलू दिली नव्हती. ते म्हातारं माणूस आतून विरघळलं. हौसाला ते त्यांच्या डोळ्यांत दिसलं, आणि तिला कितीतरी दिवसांनी हसू आलं.

“बरं,” दाजीराव म्हणाले, “लगीन तुमच्याच दारात,” आणि पानसुपारी घ्यायला एका अंगाला वाकले.

वाक्य पुरं व्हायचं होतं. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं. करू म्हणायचं की न करू, हे शेवटी कळतं.

दाजीराव आधी वीतभर सरकले. इतके सावकाश की ते सरकतायत असं कुणाला वाटलं नाही, खडकच मागं चालल्यासारखा वाटला. मग हातभर. मग चेहऱ्यावर आश्चर्य आलं. मग वेग आला. गोल खडकावरून घसरणारा माणूस शेवटपर्यंत खडकाला धरून राहत नाही. दाजीराव उंचीचा तिसरा हिस्सा उतरले आणि तिथून खडक खाली वळला, दाजीराव सरळ गेले. मांडी घातलेली, घोंगडी खाली, मिशा मागं, तसे ते हवेतून तळ्यात उतरले. दोन म्हशी उठून बाजूला झाल्या.

क्रियापद त्यांनी वाटेत उच्चारलं असेल. कुणाला ऐकू आलं नाही.

“मामा,” यमाजी माथ्यावरून ओरडला, “हलले.”

तळ्यातून डोकं वर आलं. त्यावर शेवाळ होतं. दाजीरावांनी तोंडातलं पाणी थुंकून टाकलं आणि उरलेला शब्द सगळ्या गावाला ऐकू जाईल असा उच्चारला.

“करायचं न्हाई.”

चार जाणत्यांनी बराच वेळ खल केला, की अर्धं वाक्य कासवावर आणि अर्धं तळ्यात, तर शब्द धरायचा कुठला. खल संपायच्या आत दाजीराव ओल्या धोतरानं नदीपार झाले होते. हौसानं ताट पायरीवर ठेवलं. सुपारी उचलून पदराच्या गाठीत बांधली, आणि कुणाकडे न बघता, एकेक पायरी पायानं चाचपत उतरून गेली. तिच्याबद्दल मला वाईट वाटतं. त्या सगळ्या गावात पाय कुठं टाकावा हे कळणारी ती एकटी होती.

जाणतेही गेले. तातोबा तेवढे माथ्यावर, कोरडी जागा पाहून, डोकं धरून बसले.

यमाजी हळूच जवळ आला. “मामा, आता काय झालं?”

“आता काय व्हायचं ऱ्हायलंय?” तातोबा म्हणाले. “माजं समदंच अडलं, जावईबापू.”

“सगळंच?”

“समदंच. मी आता हितनं हालत न्हाई.”

यमाजीनं डबा कानाशी धरून हलवला. तळाला बरंच तेल होतं. तरी त्यानं धडा पाळला.

“लावू का, मामा?”

तातोबांनी मान वरसुद्धा केली नाही. “लावा,” ते म्हणाले. “काय लावायचं ते लावा.”