दाबदाराची निवड

त्या राज्यात पाणी भरपूर होतं, आणि तरीही तिथलं एकही रोप कधी पोटभर प्यालं नव्हतं.

पाणी राहायचं टेकडीच्या माथ्यावर, टाकीत. खाली उतारावर बाग होती. पाणी मुळातच तापट. ऊन वर आलं की टाकी उघडायची आणि पाणी दातओठ खात खाली सुटायचं. बागेतली मंडळी साधी. काळ्या बारीक नळ्या, नळ्यांच्या अंगावर बसलेल्या इवल्या तोट्या, आणि एकेका तोटीच्या भरवशावर जगणारं एकेक रोप. तोटीनं थेंब थेंब वाढायचं, एवढंच काम. पण पाणी असं अंगावर धावून यायचं की वाढणं राहायचं बाजूला, तोटीच उडून शेजारच्या वाफ्यात पडायची. जिथं थेंब हवा तिथं पिचकारी. मुळांखालची माती वाहून जायची आणि टोकाच्या रांगेला नुसती ओल दिसायची. पहिल्या रांगेच्या तोंडाशी शेवंती राहत होती. तिची निम्मी मुळं उघडी पडली होती. असंच चालू राहिलं तर ती आडवी होणार, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

म्हणून बागेनं ठरवलं, की टेकडी आणि बाग यांच्या मधे एक दाबदार उभा करायचा. वरचा सगळा दाब त्यानं छातीवर घ्यायचा आणि खाली पेलेल तेवढाच सोडायचा.

आता निवड आली म्हणजे रीत आली. त्या बागेत मानाचं काम असलं की सगळ्यांनी तोंडं मिटून बसायचं. उमेदवार समोर असताना थेंबभर पिणं म्हणजे बेअदबी. अशा गप्प बागेपुढं पाण्यानं उमेदवाराला रेटायचं, आणि जो तसूभर हलणार नाही तो खरा दाबदार. रीत मोठी गंभीर होती, देखणीही होती. पिण्याचा बंदोबस्त न पिता पारखतोय, यात काही चुकतंय असं कुणाच्या मनाला शिवलंसुद्धा नाही.

पहिला आला कॉक, पाणी उघडायची-बंद करायची साधी चावी. त्याला हो आणि नाही यापलीकडं तिसरं काही बोलता येत नसे, म्हणून त्याला घरी पाठवलं. मग आला पितळोजी. काय ते रूप! रुंद खांदे, भलं मोठं पोट, अंगावर पिवळी झळाळी. पाण्यानं धडक दिली, हा आपला ढिम्म. तोट्या खूश झाल्या. सगळ्यांत शेवटी आला दट्ट्या.

दट्ट्या अंगानं मूठभर, प्लास्टिकचा, पोटात एक स्प्रिंग. अडगळीच्या खोक्यात तो एकटाच वाढला होता. त्या खोक्यात त्याच्या मापाचं दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळं त्याला कुणाला जोडून घेता आलं नव्हतं. मानाची त्याला हाव नव्हती. सकाळी कुणीतरी आपल्याला हाक मारावी, आपल्याविषयी ‘आमचा दट्ट्या’ म्हणावं, एवढ्यासाठी तो आला होता.

पाण्यानं रेटा दिला. बाग तोंड मिटून बसलेली. दट्ट्यानं थोडा वेळ धरलं, मग त्याच्या बगलेतून पाणी हळूहळू पुढं झिरपायला लागलं.

"मला असं जमत नाही हो," तो काकुळतीला येऊन म्हणाला. "पलीकडं कुणी पीत असलं तरच मला अंदाज येतो. तुम्ही प्या ना जरासं."

"ऐका!" एक तोटी खिदळली. "अरे बाळा, तू आम्हाला सांभाळणार, की आम्ही तुला?"

बाग पोट धरून हसली. दट्ट्या परत खोक्यात गेला, आणि पितळोजीला वाजतगाजत गादीवर बसवलं.

दुसऱ्या दिवशी टाकी उघडली. पितळोजी घडला होता मोठमोठ्या शेतांसाठी, जिथं पाट भरून वाहतात. ह्या चिमूटभर बागेचा घोट त्याच्या भल्या मोठ्या पोटाला जाणवलाच नाही. तो निवडीच्या वेळेसारखाच ढिम्म बसून राहिला आणि पाणी त्याच्यातून जसंच्या तसं खाली आलं. तोट्या लाह्यांसारख्या उडाल्या. शेवंती कलंडली. सगळीकडं हाहाकार उडालेला असताना पितळोजीनं शांतपणे विचारलं, "सुरू झालं का?"

तेव्हा आक्का बोलली. आक्का म्हणजे थोरली नळी. बागेतल्या सगळ्या बारीक नळ्या तिच्याच अंगाखांद्यावर होत्या. "झाली तेवढी शोभा पुरे," ती म्हणाली. "त्या खोक्यातल्या पोराला आणा. आणि या वेळी प्या सगळ्यांनी. मान गेला खड्ड्यात!"

बाग निमूटपणे प्यायला बसली. दट्ट्याला मधे उभं केलं. पाणी आलं, नेहमीच्याच संतापानं आलं आणि त्याच्यावर आदळलं. त्याची स्प्रिंग पार आवळली, डोळ्यांपुढं काजवे चमकले. पण पलीकडं पिणाऱ्यांचा घोट त्याला कळत होता, आणि त्या घोटाएवढंच त्यानं पुढं जाऊ दिलं. पहिल्या रांगेत थेंब पडला. मग दुसऱ्या. मग थेट टोकाच्या रांगेत, जिथं रोपांना आधी ते काय आहे हेच कळेना. शेवंतीच्या मुळांवर माती बसली. "शाब्बास रे पोरा!" आक्का म्हणाली. दट्ट्याला इतका आनंद झाला की तो दिवसभर स्वतःशीच हसत होता.

मात्र दाबदाराची जागा होती कुंपणाबाहेर, टेकडीच्या पायथ्याशी. तिथून बाग दिसत नसे. एका अंगाला पाण्याचा आरडाओरडा, आणि दुसऱ्या अंगाला काहीच नाही. त्याचं काम जितकं चोख, तितकी ती बाजू शांत. हाक मारायला तिकडून कुणी येत नव्हतं, कारण हाक मारावी असं तिकडं काही घडतच नव्हतं. खोक्यात तो एकटा होता, पण तिथं निदान आशा होती. इथं त्याला रडू यायचं, आणि रडायला पाणी सवड देत नसे. बोलायला अंगाला जोडलेली आक्का तेवढी होती.

दिवस गेले. बाग मऊ झाली, हिरवी झाली, आणि बोलू लागली. "पाण्याचा स्वभाव किती निवळला नाही!" रोपं म्हणायची. "उगीच बदनाम केलं होतं बिचाऱ्याला." तोट्यांचं वेगळंच. "वरून म्हणे धो धो येतं, आणि आपल्या वाट्याला थेंब! मग मधलं जातं कुठं? तो मधला लठ्ठ होत असणार."

एके सकाळी आक्का घुटमळत म्हणाली, "उद्या तुला काढायचं म्हणतायत रे."

दट्ट्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "तू सांगितलं नाहीस त्यांना?"

"सांगितलं की. म्हणाले, म्हातारी त्याला चिकटलेली, ती त्याचीच बाजू घेणार."

तेवढ्यात टाकी उघडली. पाणी आलं, पण त्या दिवशी त्यानं पहिल्यांदाच आवाज खाली आणला.

"ऐकलं मी," पाणी म्हणालं. "रोज माझा मार खातोस, आणि त्यांना ठाऊकसुद्धा नाही. एकदाच बाजूला हो. अगदी क्षणभर. मग बघ, जन्मभर तुझं नाव घेतील."

पाणी खोटं बोलत नव्हतं. दट्ट्याला ते पटलं. फार पटलं. त्यानं स्प्रिंग केसभर सैल सोडली.

आक्काच्या अंगातून एक शिरशिरी गेली आणि पहिल्या रांगेतली तोटी फस्सकन उडाली. "अगं बाई! हे काय?" शेवंती ओरडली.

दट्ट्या थरारला. इतक्या दिवसांत बागेतून त्याच्यापर्यंत पोचलेला हा पहिला आवाज. आक्का सांगायची त्या शेवंतीचा आवाज असा आहे तर! किंचित घोगरा, पण गोड. आणखी थोडं सैल सोडलं तर ती आणखी बोलेल. दुसरी रांग बोलेल, तिसरी बोलेल, सगळी बाग त्याच्या नावानं हाका मारत कुंपणापर्यंत येईल. त्याला ते सगळं हवं होतं. त्यानं शेवंतीचा श्वास ऐकला, घाबरलेला, धापा टाकणारा. मग त्यानं पाय रोवले आणि स्प्रिंग पुन्हा आवळली. पलीकडची बाजू गप्प झाली.

"मूर्ख आहेस," पाणी म्हणालं, आणि पूर्वीसारखं आदळायला लागलं.

दुसऱ्या दिवशी त्याला काढायला कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. त्यानं आक्काला विचारलं. आक्काला खोटं बोलायची सवय नव्हती. "शेवंतीला कळ्या आल्यात," ती म्हणाली. "त्या गडबडीत विसरले ते तुला."

"काढायचंही विसरले?"

"हो रे."

शेवंती फुलली, तिच्या बुडाशी नवे कोंब आले. एका सकाळी दट्ट्यानं विचारलं, "बागेत आज काय चाललंय गं, आक्का?"

"कोंब खेळतायत. पाणी-पाणी."

"ते कसं खेळतात?"

"एकानं पाणी व्हायचं. हळूच वाकायचं आणि शेजारच्याच्या पानाला टोक लावायचं. त्याला चाहूल लागली तर पाणी बाद."

वर टाकी उघडली. पाणी शिव्या मोजत उतारावरून सुटलं आणि दट्ट्याच्या छातीवर येऊन फुटलं. तो दुमडला, कण्हला, आणि त्यानं धरून ठेवलं. पलीकडं, पहिल्या रांगेच्या तोंडाशी, सगळ्यांत धाकट्या कोंबावर पाणी व्हायची पाळी आली होती. तो श्वास रोखून, अगदी हळू वाकत होता. शेजारचा कोंब डोळे मिटून वाट बघत बसला होता. त्याला जराही भीती वाटत नव्हती.