शेगडीतला धूर

“मग त्याने मारायचं तरी कोणाला, सर?”

असं विचारत मिहिरने शेगडीत आणखी दोन ढलप्या सारल्या. लाकूड ओलसर होतं. पण घाटमाथ्यावरच्या थंडीची मिहिरला सवय नव्हती, आणि विचारून काही करायची तर कधीच नव्हती.

खांबेटे सरांनी आपली खुर्ची शेगडीपासून जरा मागे सरकवली.

मिहिर त्यांचा सगळ्यात हुशार विद्यार्थी. एका इस्पितळातल्या यंत्रांसाठी त्याने कर्नल लिहिला होता. कर्नल म्हणजे यंत्राच्या आतला कारभारी. कोणत्या प्रोग्रामला किती मेमरी द्यायची ते तो ठरवतो. मिहिरचा कर्नल मागेल त्याला हो म्हणे. मेमरी संपली, की सगळ्यात जास्त जागा अडवून बसलेल्या प्रोग्रामला मारे. त्यांच्या धंद्यात बंद करण्याला मारणंच म्हणतात.

गेल्या आठवड्यात मेमरी संपली. कर्नलने आधी छपाईचा प्रोग्राम मारला. जागा झाली, आणि बघता बघता भरली. मग औषधांच्या नोंदींचा मारला. तीही जागा भरली. मग रोग्यांच्या ठोक्यांवर लक्ष ठेवून गजर करणारा मारला.

वॉर्डातली एक बाई गेली. गजर वाजलाच नाही.

तो प्रोग्राम रेश्मा तडवी नावाच्या मुलीने लिहिलेला. उद्या चौकशी समितीपुढे मिहिर तिचं नाव घेणार होता. मग तिला कोणी दारातही उभं केलं नसतं. समिती सरांचा शब्द मानत होती. सरांचा होकार तेवढा न्यायला तो आला होता.

“तिचाच प्रोग्राम मेमरी खात होता?” सरांनी विचारलं.

“उरलेल्यांत सगळ्यात जास्त त्याचीच होती.”

“आणि कर्नल स्वतः किती खात होता?”

“त्याला मोजत नाही, सर. निवडणारा तोच. त्यालाच मारलं तर यंत्र बंद पडेल.”

“मारायचं नाही, म्हणून मोजायचंही नाही?”

मिहिर हसला. हा नियम त्याने स्वतः घातला होता आणि त्याचा त्याला अभिमान होता.

…

खोली धुराने भरत आली. कोपऱ्यातल्या बाजेवर सरांच्या पत्नी, शकूकाकू, खोकू लागल्या. त्यांना जुना दमा होता.

“धूर फार झाला,” सर म्हणाले. त्यांनी काकूंच्या अंगावर घोंगडी घातली, हाताला धरून त्यांना बाहेर ओसरीवर नेलं आणि बसवलं.

धूर तसाच होता. सर परत आत आले. म्हातारा कुत्रा भिंतीशी शिंकत पडला होता. त्यालाही उचलून त्यांनी बाहेर ठेवलं.

सरांचं आता वय झालं, असं मिहिरला वाटलं. त्याला त्यांची कीवच आली. त्याने चिमट्याने ढलप्या आणखी आत ढकलल्या.

मग सरांनाही ठसका लागला. छातीवर हात दाबून ते बाहेर गेले आणि उंबऱ्यापलीकडे उभे राहिले.

खोलीत मिहिर एकटा उरला. हातात चिमटा, डोळ्यांतून पाणी. बाहेर थंडीत काकू खोकत होत्या. तो खोकला त्याला ऐकवेना.

…

“धूर अजून आहेच,” सर दारातून म्हणाले. “आता कोणाला बाहेर काढू, मिहिर?”