ढोलीची फट

एकदा एक तरुण एका वृद्ध वनपालाकडे काम शिकायला राहिला. वनपालाची चौकी अरण्याच्या वेशीवर होती. आत जाणाऱ्याने तिथे थांबावे, कशासाठी जातो ते सांगावे, शुल्क भरावे आणि लाकडी बिल्ला गळ्यात घालून पुढे जावे, असा राजाचा नियम होता. त्याच शुल्कातून उन्हाळ्यात वणवा विझवणाऱ्यांना मजुरी मिळत असे. त्यामुळे लोक कुरकुरत, पण भरत.

तरुण मनाने निर्मळ, पण फार लाजरा. अनोळखी माणसाला "कुठं चाललात?" एवढे विचारतानाही त्याच्या कानाच्या पाळ्या तापत.

त्या वर्षी अरण्यात धनेश पक्ष्यांची एकच जोडी उरली होती. धनेशाची मादी अंडी घालायच्या वेळी झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचे तोंड आतून लिंपून घेते. एक अरुंद फट तेवढी ठेवते. नर त्या फटीतून तिला आणि पुढे पिल्लांना फळे भरवतो. जुन्या बेहड्याच्या ढोलीत मादी अशी बसलेली असतानाच कुणाच्या तरी गलोलीचा दगड लागून नर मेला.

टोपल्या विणणारा धाकलू बांबू आणायला त्या बेहड्याखालूनच जात असे. मेलेला नर त्याला पायवाटेवर दिसला. दुसऱ्या दिवसापासून तो उंबराची फळे घेऊन बेहड्यावर चढू लागला. फटीतून चोच बाहेर यायची, हा एकेक फळ पुढे करायचा. असा दिवस मोडायचा. टोपल्या विणायला वेळ उरेना, आणि शुल्क मात्र रोजचे होते.

एका सकाळी तो चौकीसमोर येऊन नुसताच उभा राहिला.

"भाऊ, आज हातात काही नाही. हा कोयता ठेवून घ्या. पण मला आत सोडा. अंड्यांतून पिल्लं निघालीत, उपाशी राहतील."

एवढ्यात वनपाल बाहेर आले.

"कोयता तुझ्याकडंच असू दे. पिल्लं उडेपर्यंत तुझं शुल्क माफ."

तरुणाला हायसे वाटले. पण वनपाल तिथेच थांबले नाहीत. "आता टोपली उघड. झाडावर चढायचा दोर दाखव. बिल्ला घे, आणि संध्याकाळी परत देताना काय पाहिलंस ते सांगून जा."

मागे हिरड्याचा एक व्यापारी गाड्या घेऊन खोळंबला होता. तो मोठ्याने म्हणाला, "वा आबा! त्याला माफी आणि आम्हाला भुर्दंड? आम्हीही चिमण्यांना दाणे टाकतो हो!"

"टाका की शेटजी," वनपाल हसून म्हणाले. "पण तुमच्या गाड्या जाताना रिकाम्या असतात आणि येताना भरलेल्या. याची टोपली जाताना भरलेली असते आणि येताना रिकामी."

व्यापाऱ्याने स्वतःच्या गाड्यांकडे एकदा पाहिले आणि पुटपुटत पैशाची पिशवी सोडली.

त्या दिवसापासून धाकलू शुल्काविना जाऊ लागला, पण टोपली रोज उघडावी लागे. तरुणाला ते सलत होते. जो माणूस पोटाला चिमटा घेऊन परक्या पिल्लांना जगवतो, त्याची रोज झडती? शुल्क माफ केलेच आहे, तर मग हा अविश्वास कशाला? आबांना विचारावे असे त्याच्या फार मनात येई, पण धीर होत नसे.

पुढे वनपालांना पलीकडच्या चौकीवर जावे लागले. तरुण एकटा राहिला. धाकलू नेहमीप्रमाणे टोपलीचे झाकण काढू लागला, तेव्हा तरुणाने त्याचा हात धरला.

"राहू द्या, दादा. तुम्हाला काय विचारायचं? बिल्लाही नको. जा सरळ."

धाकलूने झाकण सावकाश परत बसवले. मग तो निघून गेला. एक चांगले काम केल्याच्या समाधानात तरुणाचा तो दिवस गेला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच एक अनोळखी माणूस आला. त्याच्या टोपलीत वर उंबरे होती. "धाकलू आज येत नाही. त्यानं मला पाठवलंय," असे म्हणून तो चालूही लागला. टोपली पाहावी असे तरुणाला वाटले. पण काल एकाला विचारले नाही, आज याला कोणत्या तोंडाने विचारायचे? त्याने त्याला जाऊ दिले.

थोड्या वेळाने धाकलू आला.

"तुम्ही तर येणार नव्हता ना?" तरुणाने विचारले.

"कोण म्हणालं?"

तरुणाने झाला प्रकार सांगेपर्यंत धाकलू धावत सुटलाही होता. तरुण त्याच्या मागे पळाला. बेहड्यावर तो माणूस ढोलीचे लिंपण पटाशीने फोडत होता. खालून आरोळी ऐकताच त्याने उडी टाकली आणि टोपली तशीच सोडून तो झाडीत पळाला. टोपलीत उंबरांच्या खाली गोणपाट होते, पिल्ले कोंबून न्यायला. ढोलीचे तोंड निम्मे उघडे पडले होते आणि मादी चोच रोखून दारात उभी होती. पिल्ले मात्र आत होती.

संध्याकाळी वनपाल परतले. तरुणाने काहीही न लपवता सगळे सांगितले आणि शेवटी म्हणाला, "आबा, ही माफी बंद करा. चोर माफीच्याच वाटेनं आला. सगळ्यांकडून शुल्क घेऊ. धाकलूदादाचं शुल्क माझ्या पगारातून कापा."

दुसऱ्या दिवशी सकाळी वनपाल त्याला बेहड्याखाली घेऊन गेले. फुटलेल्या कडेला मादी चोचीच्या बाजूने चिखलासारखे काहीतरी थापत होती. थापायची, दाबायची, पुन्हा थापायची.

"काय करते आहे ती?" वनपालांनी विचारले.

"ढोली बुजवते आहे."

"पूर्ण?"

तरुणाने निरखून पाहिले. "नाही. फट ठेवली आहे."

"काल एवढा घाव बसला, तरी फट का ठेवली?"

"ती बुजवली तर घास कुठून येईल?"

"आणि घास तिथून येतो म्हणून सगळंच तोंड उघडं का टाकत नाही?"

तरुणाने ढोलीच्या फुटलेल्या कडेकडे पाहिले.

वनपाल म्हणाले, "अरण्याचंही असंच आहे, बाळ. अरण्यातून जो नेतो, त्यानं मोल द्यावं. जो अरण्याला घास भरवायला येतो, त्याच्याकडून मोल घेणं म्हणजे फट बुजवणं. पण शुल्क माफ केलं म्हणून विचारणंही सोडलं, तर ते लिंपण फोडणं झालं. पैसा माफ करता येतो. विचारपूस माफ करता येत नाही. ती धाकलूवरच्या संशयानं करायची नसते. त्याच्या नावानं दुसरा कुणी आत शिरू नये, म्हणून करायची असते."

दुसऱ्या सकाळी धाकलू आला. तरुणाचे कान तापलेच, पण तो पुढे झाला.

"दादा, टोपली दाखवता?"

धाकलूचा चेहरा खुलला. त्याने झाकण काढले. "दाखवतो की. त्या दिवशी तू न विचारता सोडलंस ना, तेव्हा मनाला लागलं होतं. म्हटलं, मी गेलो काय अन् न गेलो काय, इथं कुणाला त्याचं काही नाही."

हे तरुणाच्या ध्यानीमनीही नव्हते. त्याने टोपली मन लावून पाहिली, एक सडके उंबर बाजूला काढले आणि बिल्ला स्वतःच्या हाताने धाकलूच्या गळ्यात घातला. शुल्काचा विषय निघाला नाही.

काही आठवड्यांनी, दिवस कलताना, चौकीवरून पंखांचा मोठा घोंगावता आवाज गेला. धाकलू बिल्ला परत द्यायला आला होता. तिघांनी माना वर केल्या. मादीमागून तिची पिल्ले, जरा डगमगत, वेस ओलांडून पलीकडच्या उंबराकडे निघाली होती.

"काय रे," वनपाल म्हणाले, "यांना थांबवलं नाहीस?"

तरुण हसला. धाकलूच्या हातून बिल्ला घेऊन त्याने तो खुंटीला अडकवला आणि विचारले, "दादा, आज काय काय पाहिलंत?"

धाकलू चौकीच्या पायरीवर ऐसपैस बसला आणि सांगू लागला.